शेगडी कुठे ठेवायची?

मित्रांनो, माझ्यासारखा कोणीतरी तुमच्याही घरात असेल. रोज तुम्ही त्याच्यावरून डबा उचलत असाल, पाण्याचा ग्लास ठेवत असाल, पण त्याच्याकडे नीट बघायची वेळ कधी आली नसेल. मी स्वयंपाकघरातला ओटा आहे. काळ्या दगडाचा, बऱ्याच वर्षांचा, कडेला टवके उडालेला. माझ्यावर उकळतं भांडं ठेवा नाहीतर बर्फ ठेवा, मला सारखंच. दगडाला काही वाटत नाही असं म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. म्हणूनच ही हकिगत मी शांतपणे सांगू शकतो. या घरातल्या माणसांना ती अजून तशी सांगता येत नाही.

खाणीतलं मला फारसं आठवत नाही. अंधार होता, एवढंच. मग मला चिरलं, घासलं आणि गाडीत उभं करून या घरात आणलं. तेव्हा घर नवं होतं, आणि जिला आता सगळे आजी म्हणतात ती घरातली नवी सून होती. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत आहे. त्या भिंतीला टेकवून मला बसवलं. माझ्या एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला सिंक. शेगडी कुठे ठेवायची, ते आजीने ठरवलं. तिने दारालगतची जागा दाखवली.

गवंडी म्हणाला, "ताई, दारात शेगडी कोणी ठेवतं का? येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागेल."

"असू दे तिथेच," ती म्हणाली. कारण काही सांगितलं नाही.

तिथे उभं राहून जरा मान वळवली की दारातून बाहेरची खोली दिसते, हे मला हळूहळू कळलं. आजोबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि ती इकडून उत्तरं द्यायची.

"ऐकलंस का, एक गृहस्थ म्हणे ऐंशीव्या वर्षी पोहायला शिकले!"

"तुम्ही आधी प्यायलेला कप उचलायला शिका."

त्यांचा मुलगा त्याच खोलीत रांगला, तिथेच त्याने अभ्यास केला. भाजी ढवळता ढवळता ती नुसती ओरडायची, "पेन्सिल तोंडातून काढ!" आणि पेन्सिल निघायची. पाहुण्या बायका म्हणायच्या, "काय लख्ख ठेवलाय हो ओटा!" कौतुक तिचं असायचं, थोडं मलाही मिळायचं. पुढे मुलगा मोठा झाला, कामाला लागला आणि माझ्याकडे बघणं कमी झालं. सांध्यांतलं सिमेंट काळं पडलं. खालच्या कपाटांची शटरं पाण्याने फुगली. एक तर गुडघा मारल्याशिवाय लागेना. चालायचंच.

मग घरात सूनबाई आली आणि तिच्या मागोमाग भिंगरी. भिंगरी म्हणजे आजीची नात. चालायला लागली ती थेट पळायलाच लागली, म्हणून हे नाव. सूनबाईचं तिच्यावर सारखं लक्ष. तिने प्लगची भोकं झाकली, औषधं वरच्या फळीवर नेली, माझ्या टोकदार कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. आयुष्यात मी पहिल्यांदाच कपडे घातले.

एवढं करूनही ते झालं. सकाळची वेळ होती. सूनबाई मागे कपडे वाळत घालत होती. आजी शेगडीपाशी होती, दांड्याच्या भांड्यात पाणी उकळत होतं आणि दांडा माझ्या कडेबाहेर आला होता. आजोबांनी काहीतरी वाचलं. आजी उत्तर द्यायला दाराकडे वळली. त्याच दारातून भिंगरी पळत आली आणि तिने वर हात केला.

पाणी आधी माझ्यावर सांडलं, मग तिच्या हातावर. मला काही वाटलं नाही.

सूनबाई धावत आली. तिने हात नळाच्या गार पाण्याखाली धरला, धरूनच ठेवला, मग तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. ओरडली नाही. सगळं जसं करायला हवं तसं केलं. हात बरा झाला. आता तिथे एक गुळगुळीत डाग आहे. भिंगरी तो सगळ्यांना दाखवते, तिला त्याची मजा वाटते.

त्यानंतर घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला कधी कधी वाटतं. सगळे एकमेकांशी नीट बोलायचे, पण दार लाव, पाणी भर, एवढंच. आजोबा मनात वाचायला लागले. आजीने शेगडी पेटवणं सोडलं. भाजी ती बाहेर बसून चिरायची आणि ताट उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची. उंबरा काही तिने ओलांडला नाही. सूनबाई स्वयंपाक करायची. तिचे हात चालत असायचे, ती स्वतः कुठे असायची कोण जाणे.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "स्वयंपाकघर बदलू या."

मुलगा खूश झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने चकचकीत चित्रांचं पुस्तक आणलं. बोट लावलं की उघडणारे खण, आरशासारखी शटरं. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "सगळं नवं घालणं आपल्याला झेपणार नाही गं."

"सगळं नकोच आहे मला. शेगडी दाराजवळून हलवायची, आत सिंकच्या अलीकडे न्यायची. सिंक तिथेच राहू दे. ते हलवलं की जमीन फोडून नळ्या फिरवाव्या लागतात, त्यातच सगळा खर्च होतो. उरलेल्यात बसतील तेवढी शटरं बदलू." मग ती सासूकडे वळली. "आई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुला हवं तसं कर."

"तसं नाही, तुम्हीपण सांगा ना..."

"अगं, कर म्हटलं ना."

मित्रांनो, चर्चा माझी चालली होती, पण प्रश्न माझा नव्हता. आजी पुन्हा आत येणार की नाही, हा होता. तो कोणी विचारत नव्हतं.

गवंड्याला बोलवायच्या आधी सूनबाईने एक उद्योग केला. एक रिकामं खोकं आणून माझ्या आतल्या भागावर ठेवलं. ही नवी शेगडी. खोक्यावर दांड्याचं रिकामं पातेलं ठेवलं, दांडा आत वळवला आणि ती डाव फिरवत उभी राहिली. फोडायच्या आधी वापरून बघायचं, असं तिचं म्हणणं.

मुलगा दारातून डोकावला. "आज काय बेत?"

"गप्प बस हं."

"वास छान सुटलाय."

ती हसली नाही. गुडघ्यांवर बसली, हात वर करून पाहिला. भिंगरीच्या उंचीवरून दांडा हाताला लागत नव्हता. दारातून पळत येणारं मूल इथवर पोचायच्या आत दिसणार होतं. मनासारखं झालं होतं.

मग भिंगरी बाहेरच्या खोलीत गेली. सूनबाई भिंतीकडे तोंड करून डाव फिरवत राहिली. पलीकडून भिंगरीची पावलं ऐकू येत होती. ती थांबली. सूनबाईचा डावही थांबला. ती जाऊन बघून आली. भिंगरी चटईचा धागा ओढत बसली होती. थोड्या वेळाने पुन्हा शांत झालं, ती पुन्हा गेली. असं कितीदा झालं, मी मोजलं नाही. रिकामं पातेलं होतं म्हणून बरं, खरं असतं तर करपलं असतं.

शेवटी उंबऱ्यापलीकडून आजी म्हणाली, "मी बघतेय तिच्याकडे. तू कर तुझं."

सूनबाई हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, "आई, तुम्ही शेगडी दारात का ठेवली होती?"

आजीने भिंगरीच्या हातातला धागा सोडवून घेतला.

"दिसायचं ना सगळं. हा लहान होता तेव्हा. हे बसलेले असायचे, बोलायचे काहीबाही. सगळा दिवस भिंतीकडे बघून काढायचा म्हणजे..." ती थांबली. "त्या दिवशीही मी बाहेरच बघत होते गं. खाली बघितलंच नाही."

"मी कपडे वाळत घालत होते," सूनबाई म्हणाली.

एवढंच. तुमचं चुकलं नाही, असं ती म्हणाली नाही. आजीही रडली नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी राहिली आणि भिंगरीने चटईचा आणखी एक धागा काढला.

गवंडी आला तेव्हा सूनबाईने मधल्या भिंतीवर हात ठेवला. "शेगडी आत घ्यायची, आणि हिला एक खिडकी पाडायची. होईल?"

त्याने भिंत ठोकून पाहिली. "नुसती आडोशाची भिंत आहे, वरचा भार हिच्यावर नाही. होईल. पण शेगडीच्या समोर नको, वाऱ्याने जाळ विझेल. शेजारी घेऊ. त्यात शटरांचे पैसे मात्र गेले बघा."

मुलाने चित्रांचं पुस्तक मिटलं. "जाऊ देत. जुन्या शटरांना रंग देऊ. गुडघ्याला तेवढाच व्यायाम."

"खिडकी किती उंचीवर?" गवंड्याने विचारलं. "कोणाच्या नजरेला धरू?"

"आईंच्या," सूनबाई म्हणाली.

"माझं काय धरता?" आजी बाहेरूनच म्हणाली. "मी कुठे स्वयंपाक करते आता?"

"मोजायला तरी या."

आजी उंबऱ्यापाशी थांबली. गवंडी खडू घेऊन वाट बघत होता. मग ती आत आली आणि भिंतीसमोर उभी राहिली, शाळेत उंची मोजताना मुलं राहतात तशी. गवंड्याने रेघ मारली आणि तो निघूनही गेला, तरी ती तिथेच उभी होती.

मला कापलं. दाराकडचं टोक काढून टाकलं, म्हणजे तिथे आता कोणाचा हात पोचायला काही उरलंच नाही. यंत्र फार ओरडलं, घरभर काळी धूळ झाली. दुखलं का, विचाराल तर मला सांगता येणार नाही. निघालेला तुकडा त्यांनी फेकला नाही. घासून खिडकीच्या तळाशी बसवला. त्याच्यावर सूनबाई चहाचे कप ठेवते.

काम संपल्यावर एका दुपारी आजीने शेगडी पेटवली. दांडा आत वळवला, आच कमी केली आणि ढवळायला लागली. सूनबाई बाहेरच्या खोलीत भिंगरीला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. खिडकीतून तिला आजीचा चेहरा दिसत होता. ती बघत राहिली.

"काय बघतेस?" आजीने विचारलं.

"काही नाही."

आणि मग तिने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. दिवसाढवळ्या, घरात शेगडी पेटलेली असताना.

मित्रांनो, मी दगड आहे, मला समजूत घालता येत नाही. एक काम तेवढं सांगतो. आज घरी गेलात की स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारून, शेगडी बंद असताना, त्याच्या जागी जरा उभे राहा. मान वर करा आणि तिथून काय दिसतं ते बघा. नुसती भिंत दिसत असेल, तर अभ्यास घेऊन तिथेच येऊन बसा. शेगडीपासून लांब, वाटेत नाही, पण त्या माणसाला दिसाल असे.