दोन तोताराम

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ हिलालने काचपट्टी उजेडाकडे धरून पुन्हा एकदा पाहिली आणि मान हलवली.

"हा ओ पॉझिटिव्ह आहे."

"असं कसं?" मदिना म्हणाली. "कॉम्प्युटरवर निगेटिव्ह आहे."

"कॉम्प्युटरवर असेल. रक्तात नाही."

खुर्चीवर बाही सरसावून बसलेला शेतकरी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होता. निरोप मिळाल्याबरोबर हातातलं काम टाकून, मिळेल त्या ट्रकने तो पारोळ्याकडून धुळ्याला आला होता. वरच्या मजल्यावर पिंपळनेरची सुगंधा नावाची बाई बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून पडून होती. ओ निगेटिव्ह रक्ताची पेढीतली शेवटची पिशवी तिला लावलेली होती. या गटाचे दाते आधीच थोडे. त्यातला कोणी गावाला गेलेला, कोणी नुकतंच रक्त दिलेला. उरलं होतं ते एकच नाव, तोताराम चुडामण पाटील. आणि तो समोर बसला होता.

"मनं रगत चालत नई का?" त्याने हळूच विचारलं.

 मदिनाला एकदम काहीतरी आठवलं होतं.

मदिना पिंजाऱ्याची मुलगी. वडील नूर महंमद धुळ्यात गाद्या-रजया भरून द्यायचे. बी.कॉम. झाल्यावर ती टायपिंग शिकली, मग हौसेने कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्याच सुमाराला ट्रस्टच्या या दवाखान्यातल्या रक्तपेढीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढे बसायला माणूस हवं होतं. ते साल ब्याण्णव. गावोगावच्या शिबिरांची कार्डं गठ्ठ्यांनी पडलेली होती. ती सगळी नावं तिने एकटीने आत घातली. काम संपल्यावर तिच्या लक्षात आलं की बरीच माणसं दोन-दोनदा आली आहेत. मग तिने साफसफाई काढली. कोणी सांगितलं नव्हतं. तिलाच ते पसरलेलं बघवत नव्हतं. त्या साफसफाईत एकाच गावचे, एकाच बापाचं नाव लावणारे दोन तोताराम तिला सापडले होते. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. कोणीतरी लिहिताना चुकलं असणार असं तिने ठरवलं, नंतरची नोंद ठेवली आणि पहिली पुसून टाकली. त्या संध्याकाळी ती खुशीत घरी गेली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या गावात तुमच्याच नावाचा आणखी कोणी आहे का?"

"शे ना. तो खालनी गल्लीना तोताराम, मी वरनी गल्लीना. त्याना बापनं नाव बी चुडामणच. टपालवाला बी चुकस."

मदिना तशीच जिन्याने वर धावली आणि दवाखान्याच्या प्रमुखांकडून, डॉक्टर ओसवालांकडून, जीप मागून घेतली. का, हे सांगायला वेळ नव्हता आणि त्यांनीही विचारलं नाही. घर दाखवायला वरचा तोताराम ड्रायव्हरशेजारी बसला. मागे मदिना. हमरस्त्यावर ट्रकांमागून ट्रक. जीप एखाद्यामागे अडकली की ती घड्याळाकडे पाही. तिला सुगंधा दिसत नव्हती. तिने तिला पाहिलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा दिसत होतं ते कळफलकावर टेकलेलं स्वतःचं बोट.

खालचा तोताराम शेतात कापूस वेचत होता. वरच्याने बांधावरूनच हाक मारून काय झालं ते सांगितलं. त्याने ओटीतला कापूस बायकोच्या ओटीत रिकामा केला, घागरीतल्या पाण्याने हात धुतले आणि जीपकडे चालू लागला.

"तोतारामले बलाव्हं, असं ऐकं व्हतं मी," बसताना तो म्हणाला. "माले वाटनं, वरनाले व्हई."

गावात परतलेला वरचा तोताराम पुन्हा जीपमध्ये चढलेला पाहून ड्रायव्हरने मागे वळून बघितलं.

"मी बी येस," वरचा म्हणाला. "त्याले दवाखाना माहीत नई."

खालच्याचं रक्त जुळलं. हिलालने त्याला आडवं केलं. वरचा बाजूला उभाच होता. थोड्या वेळाने त्याने स्वतःहून पुन्हा बाही वर केली. "उनूच शे, ते मनंबी ल्या." आलाच आहे म्हणून हिलालने त्याचंही घेतलं.

ऊन उतरता उतरता वरच्या मजल्यावरून निरोप आला की सुगंधाचा रक्तस्राव थांबला आहे. हिलालने चहा मागवला. मदिनाने तो घेतला नाही. ती डॉक्टर ओसवालांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"दोघं एकच आहेत असं मला वाटलं. कोणाला विचारलं नाही. पुसून टाकलं."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आणखी किती पुसलेत असे?"

"ते आता सांगता येत नाही, सर. पुसलेलं मागे राहत नाही."

"मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, मदिना. तुझ्या जागी दुसरी आणली तर तीही हेच करेल. असं पुन्हा होऊ नये यासाठी काय करायचं, ते तूच शोध."

घरी तिने हे अब्बांना सांगितलं. नूर महंमद रजईला टाके घालत होते. सुई न थांबवता ते म्हणाले, "बाई बची ना? अब सीख ठीक से."

शिकायचं म्हणजे जळगावला जायला हवं होतं. रक्तपेढीचा प्रोग्राम लिहिणाऱ्या सुनंदा मॅडम तिथे क्लास चालवत. रविवारी सकाळी मदिना एसटीने निघे. अम्मीला, हसीनाबीला, पोरीचं हे एकटीने हिंडणं पटत नव्हतं. शेजारच्या बायकाही विचारू लागल्या होत्या. तरी डबा तीच भरून द्यायची.

मदिनाने झाला प्रकार सांगितल्यावर सुनंदा मॅडमनी आधी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "नावावरून माणूस ओळखायचा, अशी सोय मीच ठेवली होती. चूक माझीही आहे." दोघींनी बसून प्रोग्राम बदलला. प्रत्येक दात्याला स्वतःचा क्रमांक. काहीच पुसायचं नाही. नको ते बाजूला ठेवायचं, आणि कोणी ठेवलं तेही लिहायचं. मग मदिना जुनी कार्डं घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसली.

एका रविवारी मॅडमनी विचारलं, "रोजच्या नोंदींची नक्कल फ्लॉपीवर घेतेस ना?"

"रोज घेते."

"मग क्लासच्या या मशिनवरचं सगळं उडव आणि फ्लॉपीतून परत आणून दाखव."

मदिनाने उडवलं. परत काही आलं नाही. धुळ्याच्या मशिनवर सगळं होतं म्हणून बरं. फ्लॉपी कधीचीच खराब झाली होती आणि ती इमानाने तिच्यावर लिहीत राहिली होती. क्लासमधली मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ मिळतील तुला," त्या म्हणाल्या. "घर जळालं तरी लोकांचं सामान जसंच्या तसं परत देता येईल, अशी सोय करून ठेवणारं माणूस मिळत नाही. ते हो."

त्यानंतर तिने नक्कल घेतली की ती दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिल्याशिवाय घरची वाट धरली नाही. हिलाल चेष्टा करायचा, की ही कुलूप लावून ते दहादा ओढून बघणाऱ्यातली आहे. ती म्हणायची, हो, आहे. मॅडमच्या कपाटातली ओरॅकलची, म्हणजे मोठाले माहितीसाठे सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, जाडजूड पुस्तकं ती एकेक करून घरी नेऊ लागली. इंग्रजी अडायचं, एकेका पानाला आठवडा जायचा. पण पान उलगडायचं.

सत्त्याण्णव साली जळगावच्या एका सहकारी बँकेने सगळ्या शाखांची माहिती एकत्र आणायचं ठरवलं. मुलाखतीत एकाने सहज विचारलं, "आधीच्या कामात काही चुका?" बाकीचे उमेदवार या प्रश्नाला काय म्हणाले कोण जाणे. मदिनाने दोन तोतारामांची गोष्ट सांगितली, फ्लॉपीचीही सांगितली. नेमणुकीच्या पत्रावर पद होतं, डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर. अब्बांना ते तिने मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं.

"मतलब करना क्या है?"

"लोगों का संभालना है, अब्बा."

काही महिन्यांनी नूर महंमद न कळवता तिला भेटायला बँकेत आले. बाहेर गर्दी होती. केळीवाले, शिक्षक, पेन्शनर रांगेत उभे होते. पासबुकं छापून येत होती. कोणी कोणावर ओरडत नव्हतं. त्यांनी शिपायाला मुलीचं नाव सांगितलं.

"त्या मॅडम? आतल्या थंड खोलीत बसतात," शिपाई म्हणाला. "त्यांच्याकडे कोणी जात नाही. काही अडलं तरच. अन् अडत काही नाही."

आत मदिना आदल्या दिवशीची नक्कल उघडून तपासत होती. खोलीत धूळ चालत नसे, म्हणून पायातलं दाराबाहेरच ठेवावं लागे. कसलीशी चाहूल लागली म्हणून तिने वर पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे अब्बा उभे होते. त्यांना आत यायची मुभा नव्हती आणि शिपायाने ते त्यांना सांगितलंही असावं. तरीही ते वाकले, पायांतल्या चपला काढल्या, तिच्या एकमेव जोडाशेजारी नीट जुळवून ठेवल्या आणि अनवाणी उभे राहून आत पाहू लागले.