एकदाच विचारलं

"नो, थँक यू," डोनली म्हणाला आणि त्याने पोटावर हात ठेवला.

"असं कसं? घरचे आहेत, घ्यायलाच पाहिजेत!" शशिकांतने शंकरपाळ्यांची बशी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. पाहुणा दोनदा नको म्हणाला, शशिकांतने दोनदा ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी त्याने बायकोकडे, सुलेखाकडे बघून भुवई उडवली. आता तू आग्रह कर, असा त्याचा अर्थ. सुलेखाने केला. बिचाऱ्या डोनलीने आणखी मूठभर शंकरपाळे तोंडात कोंबले आणि वर चहाही ढोसला.

डोनली म्हणजे एका मोठ्या बेसबॉल संघासाठी पोरं हेरणारा माणूस. वसंतभर तो त्यांच्या मुलाच्या, निमिषच्या शाळेच्या मैदानात जाळीमागे उभा होता. हातात चेंडूचा वेग मोजायचं यंत्र, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, कोणाशी बोलणं नाही. जूनमध्ये ड्राफ्ट. सगळे संघ पाळीपाळीने तरुण पोरांची नावं पुकारणार, आणि ज्याचं नाव पुकारलं त्याचं आयुष्य त्या दिवशी बदलणार. त्याआधी ही माणसं घरी येतात, आईबाप कसे आहेत बघतात आणि एकच गोष्ट विचारून जातात. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाच्या त्या दिवाणखान्यात सुलेखा त्याच प्रश्नाची वाट बघत उभी होती.

आधी त्याने दुसरंच विचारलं. "निमिषचा हा चेंडू फेकणारा डावा हात कोणाकडून आला?"

"आमच्या घराण्यात सगळे अंगापिंडाने मजबूत," शशिकांत म्हणाला. "माझे आजोबा तालमीत जायचे."

तालीम! सुलेखाच्या ओठांवर शिवीच आली होती. अहो, तालमीचा आणि डाव्या हाताचा काय संबंध? हात तिचा होता. नागपुरात शाळेतल्या बाईंनी पट्टी मारमारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं, पण इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांचं रक्त काढताना सुई ती डाव्याच हातात धरायची. निमिषने लहानपणी डाव्या हातात चमचा धरला, तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाई तो ओढून उजव्या हातात द्यायच्या. "डाव्या हाताने कोणी जेवतं का?" एके दिवशी सुलेखाने सासूबाईंचं मनगट धरलं आणि म्हणाली, "सोडा त्याचा हात." लग्न झाल्यापासून एवढं एकच उलट उत्तर तिने दिलं होतं, आणि सासूबाई पुढे महिनाभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

तो हात वाढवला तिने. सामन्यांसाठी जॉर्जियातल्या कुठल्या कुठल्या गावांत ती गाडी घेऊन गेली होती, लाल मातीचे डाग पडलेल्या पांढऱ्या पँट्स बाथटबमध्ये घासल्या होत्या. शशिकांत मैदानावर यायला लागला तो या वर्षी, जाळीमागे हेरणारे दिसायला लागल्यावर. आल्या आल्या पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला.

"मिस्टर गद्रे," डोनलीने विचारलं, "आम्ही निमिषचं नाव पुकारलं, तर कॉलेज सोडून तो आमच्याशी करार साइन करेल?"

शशिकांतने चष्मा काढला, रुमालाने पुसला. "नो, नो. कॉलेज कम्स फर्स्ट. आमच्यात शिक्षण आधी. खेळ काय, हौस आहे त्याची." आणि तो हसत मागे टेकला.

ते हसू सुलेखाला पाठ होतं. कोणाच्याही घरी गेलं की 'नको नको, आत्ताच जेवून आलो' म्हणताना तो असाच हसायचा, आणि तिसऱ्या आग्रहाला ताटावर बसून सगळ्यात जास्त जेवायचा.

निमिषने आईकडे बघितलं. सकाळी तिनेच त्याला बजावलं होतं, "बाबा बोलतील. मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही." पोरगं शहाण्यासारखं गप्प बसलं. आणि सुलेखा बशी धरून उभी. डोनली, विचार ना पुन्हा, ती मनात म्हणत होती. तुला आम्ही तीनदा विचारलं. तू निदान दोनदा तरी विचार!

डोनलीने मान हलवली. "आय रिस्पेक्ट दॅट, सर." सगळ्यांशी हात मिळवून तो गेला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि सुलेखाने बशी टेबलावर आदळली. "नो का म्हणालात?"

"अगं, पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं? किती हावरट दिसतं! गरज त्याला आहे. परत विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

"वसंतभर उन्हात उभा राहिलेला माणूस असा सोडेल? तुला निगोशिएशन कळत नाही, सुलेखा."

"निगोशिएशन! या देशात आलात तेव्हा ऑफिसात कोणी जेवायला चल म्हणालं, तुम्ही नो म्हणालात आणि दिवसभर उपाशी बसलात. घरी येऊन मलाच सांगत होतात ना, की ही कसली माणसं, दुसऱ्यांदा विचारतसुद्धा नाहीत? विसरलात? मी आत्ता फोन करते त्याला."

"खबरदार! मी नो म्हणायचं आणि बायकोने मागून येस म्हणायचं? माझी काय किंमत राहील?"

"बाबा, आय वॉन्टेड टू से येस," जिन्यावरून निमिष म्हणाला.

"तू वर जा."

निमिष वर गेला. सुलेखाने उचललेला फोन खाली ठेवला. का ठेवला, या विचाराने तिचा पुढे कित्येक दिवस जळफळाट होत राहिला.

डोनली परत आला नाही, त्याचा फोनही आला नाही. ड्राफ्टच्या दिवशी तिघं कॉम्प्युटरसमोर बसली. चित्र नव्हतं, नुसता आवाज. कोणीतरी रुक्ष आवाजात नाव वाचायचं, गाव सांगायचं, की पुढचा संघ. निमिष डाव्या हातात चेंडू फिरवत होता.

"सुरुवातीला मोठी नावं असतात," शशिकांत म्हणाला. मग म्हणाला, "खरी मजा नंतरच असते." दुसऱ्या दिवशी दुपारी तो खुर्चीतून उठला. बाहेर जाऊन लॉन कापायला लागला, आणि त्या यंत्राच्या घरघरीतच डोनलीच्या संघाने शेजारच्या शाळेतल्या एका डावखुऱ्या पोराचं नाव पुकारलं. एप्रिलमध्ये निमिषने ज्याला धूळ चारली होती, तोच.

ड्राफ्ट संपला. "इट्स फाइन, आई," निमिष म्हणाला आणि खोलीत गेला. त्याने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्याने ते हळूच लावलं.

आता मात्र सुलेखाने फोन केला.

"मॅम, आय लव्ह्ड दॅट किड," डोनली म्हणाला. "माझ्या भागातला सगळ्यात चांगला तोच, हे मी वर सांगितलं होतं. पण घरून नो आलं. जो येणार नाही, त्याच्यावर आम्ही पाळी घालवत नाही."

"ते नो खरं नव्हतं."

"तुम्ही तिथेच होतात, मॅम. मग बोलला का नाहीत?"

काय सांगणार? हातात बशी होती म्हणून? तिने थँक यू म्हणून फोन ठेवला, आणि पहिल्यांदाच तिला शशिकांतपेक्षा स्वतःचा जास्त राग आला.

नाव पुकारलं की गोड करायचं म्हणून तिने आदल्या दिवशीच चक्का टांगला होता. तो टाकायचा कशाला? तिने श्रीखंड घोटलं, पुऱ्या तळल्या आणि दोघांना जेवायला हाक मारली. बाहेर अजून उजेड होता. कापलेल्या गवताचा वास येत होता.

ती वाढायला लागली तसा शशिकांत दचकला. "अगं, डाव्या हाताने काय वाढतेस?"

"माझा हात आहे."

त्याने पुरी मोडली.

"श्रीखंड?" तिने निमिषला विचारलं.

"यस," निमिष म्हणाला. मग वाटी पुढे करून म्हणाला, "अजून." तिने वाटी काठोकाठ भरली.

शशिकांतच्या ताटातल्या पुऱ्या संपल्या होत्या. डब्यात टम्म फुगलेल्या अजून बऱ्याच होत्या. तिने डबा त्याच्यासमोर धरला. "पुरी?"

"नको नको, बस," म्हणत त्याने ताटावर हात आडवा धरला. बाजूने एखादी पुरी सरकवता येईल एवढी जागा ठेवून.

सुलेखाने डब्याचं झाकण लावलं आणि ती डबा घेऊन आत गेली. शशिकांतचा हात ताटावर तसाच आडवा राहिला.