तिसऱ्या हाकेला ओ

"च्या निवला बघा! आता किती डाव हाका मारू?"

मित्रांनो, ही कुरकुर साखराबाईंची. बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या एका वस्तीवर, ओट्यावर लोकर कातत बसलेल्या आपल्या नवऱ्याला त्या तिसऱ्यांदा हाक मारत होत्या. आश्रुबांनी आत्ता कुठे मान वर केली.

"वरडती कावून? पहिल्या दोन हाका भुताच्या असतेत. शाण्या माणसानं तिसरीलाच ओ द्यावी."

सगळं घर हसलं. आत लॅपटॉप घेऊन बसलेली त्यांची सून योगिताही हसली, आणि त्या हसण्यातूनच माझा जन्म झाला.

मी एक जुना नियम आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. आमच्यात तेवढ्यात पणतवंडं होतात. मी लोखंडाचा नाही, लाकडाचा नाही, सतरा ओळींचा आहे. माझा मुक्काम ढगात, असं म्हणतात. हा ढग म्हणजे दूर कुठल्याशा थंडगार खोलीत रांगेनं मांडलेली कॉम्प्युटरं. कडा गावावरून नुसते डोकावून पुढे जातात, ते ढग वेगळे.

योगिता घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. औषधाची वेळ झाली की आजाऱ्याच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा, असं त्यांचं ॲप. त्यात काही नवं केलं की ते एकेक पायरी चढत लोकांपर्यंत पोचतं: आधी बांधणी, मग तपासणी, मग रवानगी. कधी नेट अडखळायचं, कधी पलीकडचं कॉम्प्युटर दमायचं, आणि एखादी पायरी मध्येच फसायची. मग योगिता तव्यावरची भाकरी सोडून धावायची आणि 'पुन्हा'चं बटण दाबायची. इकडे भाकरीचा कोळसा.

"तुझी कंपनी लई भाकरी खाती बाई," साखराबाई म्हणायच्या.

म्हणून तिनं मला लिहिलं. तिनं बजावलं: पायरी फसली तर लगेच मला उठवू नकोस. दहा सेकंद थांब आणि तेवढीच पायरी पुन्हा कर. सगळा जिना खालून चढत बसू नकोस. तरी नाही जमलं तर मिनिटभर थांब आणि तिसऱ्यांदा कर. तेव्हाही नाही जमलं, तर मात्र मला सांग. वर तिनं माझं नाव घातलं, 'तीन हाका'. गंमत म्हणून मला मराठीतून नोंदी लिहायलाही शिकवलं.

थांबायचं ते एक मिनिट मला फार आवडे. काही काम नसे, म्हणून मी स्वप्न बघे. स्वप्नात मेंढरं येत, पिंजलेल्या कापसासारखी, हळूहळू बांध ओलांडणारी. त्यांच्यामागे खांद्यावर काठी आडवी टाकलेले आश्रुबा. एखादं मेंढरू अडलं की तेही थांबत. त्या रानात कुणालाच घाई नसे. मग मिनिट सरे, मी हाक देई, पलीकडून ओ येई, आणि पडद्यावर हरभऱ्याच्या कोंबासारखी हिरवी खूण उगवे.

भाकऱ्या करपायच्या थांबल्या. योगिताचे साहेब आदिनाथ फोनवर म्हणाले, "योगिताताई, तुमच्या बीडला एवढं हिरवं कधी बघितलं नव्हतं हो!"

कौतुक झालं की विसर पडतो, मित्रांनो. मी रोज नोंदी लिहीत होतो. नमुन्याचा एक निरोप धाडून तो पोचतो की नाही ते बघणारी पायरी दिवाळीपासून पहिल्या दोन हाकांना गप्प राहू लागली. मी लिहिलं: हाक एक, उत्तर नाही. हाक दोन, उत्तर नाही. हाक तीन, ओ. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कुणी वाचलं नाही. हिरवं दिसल्यावर वही कोण उघडतं?

घरातही तसंच चाललं होतं. आश्रुबांना आता सगळेच तीनदा हाका मारत, भुताच्या नावानं हसत. हसणं मात्र दरवेळी थोडं आखूड होत गेलं.

मागच्या मंगळवारी सकाळी तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही. मी योगिताला सांगितलं, तिनं आदिनाथांना.

"तीनच्या पाच करा ना ताई," ते म्हणाले. "पाचव्याला होईल."

योगितानं माझ्यातला तीन पुसला आणि पाच लिहिला. जतन करणार, तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला.

उसाच्या ट्रॅक्टरवरचा बजरंग लंगडी मेंढी कवेत घेऊन उतरला. मागून आश्रुबा आले, धुळीनं माखलेले.

"काकू, आश्रुबा नानांला आवरा! दोन ट्रॉल्या मागं, ब्रेक लागतोय व्हय लगीच? तीन डाव हॉर्न मारला. तिसऱ्याला वळले. तवर हिचा पाय चाकाखाली गावला. नाना हातभर इकडं असते तर..."

त्यानं मेंढी ओट्यावर ठेवली.

"उद्यापून मी जाती संगं," साखराबाई घाईघाईनं म्हणाल्या. "चार डाव वरडीन, पाच डाव वरडीन!"

पाच. योगितानं पडद्यावरचा पाच पुसून पुन्हा तीन लिहिला आणि माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. मग फोन उचलला.

"सर, पाच नाही करत मी. पाचवीला ओ आली तरी आधीच्या चार कुठं गेल्या? आजाऱ्याला आपण एकदाच निरोप धाडतो. त्याला तिसरी हाक कोण मारतंय? आज रवानगी थांबवा, बिघाड शोधू."

पलीकडे आदिनाथांनी पहिल्यांदाच माझ्या नोंदी उघडल्या. मग म्हणाले, "थांबवा."

मित्रांनो, अडखळलेल्याला पुन्हा हाक मारा, जरूर मारा. मी त्यासाठीच आहे. पण तिसऱ्या हाकेचा आनंद झाला की आधीच्या दोन हाकांचीही चौकशी करा. माझी एवढीच विनवणी आहे.

आश्रुबा मेंढीच्या पायाला हळद लावत होते. योगितानं हाक मारली नाही. ती जवळ जाऊन बसली, त्यांच्या कोपराला हात लावला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. चौथी शिकलेले आश्रुबा अक्षरांखाली हळदीचं बोट धरून वाचू लागले.

"हाक एक... उत्तर न्हाई. हाक दोन... उत्तर न्हाई."

बोट थांबलं.

"हे तर माझंच लिव्हलंय की, पोरी."

बजरंगनं मान खाली घातली. साखराबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सवयीनं मिनिटभर थांबलो, पण या खेपेला स्वप्न पडलं नाही.

"भूतबीत काई नव्हतं," आश्रुबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई."