शनिवारपर्यंतची टॅक्सी

मित्रांनो, माझ्या चार खिडक्यांना मिळून काच खाली करायचं हँडल एकच आहे. ज्याला वारा हवा असेल त्याने ते मागून घ्यायचं, काच खाली करायची आणि मुकाट्याने पुढच्याला द्यायचं. अशी मी एक म्हातारी टॅक्सी आहे. अंगाचा खालचा भाग निळा, वरचा पांढरा. माझा जन्म रशियातल्या बर्फात झाला, पण उभं आयुष्य गेलं अदिस अबाबाच्या चढउतारांवर.

जहाजातून उतरले तेव्हा मी नवीकोरी होते. आधी एका कचेरीची गाडी झाले, मग झेरिहुनने मला विकत घेतलं. तो तरुणपणी दोन वर्षं रशियात मोटारीचं काम शिकून आला होता. माझ्याशी बोलायचा तो रशियनमध्येच. शिव्या मात्र आपल्या भाषेत द्यायचा. मेर्कातोच्या बाजारातून मी मिरच्यांची पोती वाहिली, नवऱ्या मुली मिरवल्या. एकदा तर इस्पितळ गाठायच्या आधीच माझ्या मागच्या सीटवर एका मुलीने जन्म घेतला! त्या काळी पियासाच्या चौकात लोक मला हात करून थांबवायचे आणि झेरिहुन ऐटीत म्हणायचा, "हळू लावा दार, राणी आहे ती."

मग नव्या चकचकीत टॅक्सी आल्या. फोनवर बोट ठेवलं की दारात हजर. पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे, फोटो काढायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. झेरिहुनचे गुडघेही दुखू लागले होते. शेवटी त्याने मला देब्रे बिरहान गावच्या हाब्तामु नावाच्या तरुणाला विकायचं ठरवलं. शनिवारी तो मला न्यायला येणार होता.

त्याच आठवड्यात माझ्या ब्रेकची रबरी नळी भेगाळली. रोज सकाळी माझ्याखाली एक ओला ठिपका दिसायचा. बुधवारी झेरिहुनने तो वाकून पाहिला, बोटाने चाचपला. मग चपलेने त्यावर माती ओढली. मित्रांनो, इतक्या वर्षांत त्याने असं कधीच केलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी हॉटेलसमोर एक उंच, पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे बघून थबकली. तिने माझं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"आमच्या घरी हीच गाडी होती," झेरिहुनला माझ्याशी रशियनमध्ये बोलताना ऐकून ती त्याच भाषेत म्हणाली. "याच आवाजाची."

तिचं नाव स्तोयांका. बल्गेरियात तिने एकतीस वर्षं विजेवरची बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर जग बघायला एकटीच निघाली होती. रशियन ती शाळेत शिकली होती, त्यामुळे झेरिहुनचं गंजलेलं रशियनही तिला पुरेसं होतं. "उद्या दोन वाजता या," ती म्हणाली.

आमच्याकडे सूर्य उगवला की घड्याळ सुरू होतं. परदेशी माणसांचे सकाळचे आठ म्हणजे आमचे दोन. झेरिहुनला वाटलं, पाहुणी आहे, तिच्या घड्याळाने बोलत असणार. स्तोयांकाने मात्र आदल्याच दिवशी आमची वेळ शिकून घेतली होती. दोघांनीही एकमेकांचा मान राखला आणि बिचारी सहा तास हॉटेलच्या पायऱ्यांवर बसून राहिली. हॉटेलचा दरवान दुसरी टॅक्सी बोलावतो म्हणाला, तर तिने त्याला झटकून टाकलं.

झेरिहुन दुपारी अगदी वेळेवर पोचला, अंगात कोट, चेहऱ्यावर हसू.

"सहा तास!" ती कडाडली. "माझी बस सहा मिनिटं उशिरा गेली असती तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं!"

प्रकार उमगल्यावर झेरिहुनने कानाला हात लावले. भरपाई म्हणून तो तिला थेट घरी कॉफीला घेऊन गेला. त्याची बायको असेलेफेच निखाऱ्यांवर कॉफीचे दाणे भाजत म्हणाली, "यांना विचारा, सवतीला शनिवारी निरोप द्यायचाय म्हणून चार दिवस घास उतरत नाहीये गळ्याखाली."

झेरिहुनने हसत भाषांतर केलं, पण 'शनिवार' हा शब्द गाळला.

शुक्रवारी आम्ही एन्टोटोच्या डोंगरावर गेलो. चढताना मी धापा टाकत होते, तरी स्तोयांका मागून शाबासकी देत होती. वरचं जुनं चर्च पाहून, निलगिरीच्या झाडांचा वास छातीत भरून घेऊन आम्ही उतरू लागलो.

दुसऱ्या वळणावर झेरिहुनने ब्रेक दाबला. माझ्या पोटात काहीतरी फाटलं. पेडल थेट तळाला गेलं.

समोर रस्ताभर लाकडाच्या मोळ्या घेऊन बायका उतरत होत्या. पाठीवर कमरेतून वाकवणारी ओझी, त्यांना पटकन बाजूला तरी कसं होता येणार? झेरिहुनने हॉर्नवर तळहात दाबून धरला. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात गिअर टाकला. मी किंचाळले. त्याने हातब्रेक ओढला आणि मला डोंगराच्या बाजूला मातीत घातलं. माझी कूस खरवडली, दिवा फुटला. शेवटच्या मोळीपासून दोन हातांवर मी थांबले.

मोळीवाली म्हातारी ओझ्यासकट मागे वळली. "अरे मेल्या! मरायचंय तर खाली जाऊन मर! इथे लाकडं वाहायला आधीच माणसं कमी आहेत!"

एवढं बोलून तिने मोळी उतरवली आणि स्तोयांकाला हात धरून बाहेर काढलं.

स्तोयांका माझ्या चाकापाशी बसली आणि आत डोकावली.

"झेरिहुन, ही नळी आज फुटली. पण भेग जुनी आहे. तुम्ही पाहिली नव्हती?"

तो 'नाही' म्हणू शकला असता. मी तर कुणाला काही सांगू शकत नव्हते.

"पाहिली होती," तो म्हणाला.

"मग?"

"उद्या गाडी विकायची होती. म्हटलं, आता कशाला? निघतील तीन दिवस."

"आज मी बसले होते की," स्तोयांका हळूच म्हणाली.

झेरिहुनने टोपी काढली आणि रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. मला माझ्या खरचटलेल्या कुशीपेक्षा त्याच्या त्या उभं राहण्याने जास्त दुखलं.

मग तो एका ट्रकमधून खाली गेला. दोन तासांनी नवी नळी आणि ब्रेकच्या तेलाची बाटली घेऊन परतला, तेव्हा त्याला वाटलं होतं की स्तोयांका केव्हाच निघून गेली असेल. ती मोळीवाल्या बायकांबरोबर दगडावर बसून भाजलेले जवाचे दाणे खात होती.

नळी बदलल्यावर आतली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक पेडलवर. झेरिहुन माझ्याखाली आडवा झाला. स्तोयांका न बोलावता चालकाच्या जागेवर येऊन बसली.

"दाबा. धरा. सोडा," खालून आवाज यायचा.

"निवृत्तीच्या दिवशीही मी ब्रेक तपासूनच बस बाहेर काढली," पेडल दाबता दाबता ती म्हणाली. "लोक म्हणाले, आता कशाला? मी म्हटलं, निवृत्त मी होतेय. आत बसलेले थोडेच होतायत!"

काम झाल्यावर झेरिहुनने तिच्यासाठी मागचं दार उघडलं. ती पुढे त्याच्या शेजारी बसली, हातब्रेकजवळ.

"म्हणजे माफ केलंत?" त्याने विचारलं.

"छे. लक्ष ठेवायला बसलेय."

संपूर्ण उतार आम्ही बैलगाडीच्या चालीने उतरलो. पायथ्याशी पोचल्यावर तिने हातब्रेकवरचा हात काढला आणि पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं.

शनिवारी हाब्तामु आला. माझी खरवडलेली कूस पाहून तो बिचकला. झेरिहुनने त्याला काहीही न लपवता सगळं सांगितलं. मातीखाली झाकलेला ठिपकासुद्धा.

"गाशे," वडीलधाऱ्यांना हाक मारतात तसं हाब्तामु गोंधळून म्हणाला, "लोक गाडी विकताना तिचे गुण सांगतात. तुम्ही तर चुगल्या करताय!"

"तुझी आई बसणार ना हिच्यात? मग ऐक," म्हणत झेरिहुन त्याला घेऊन माझ्याखाली शिरला. कुठला नट सैल होतो, कुठे तेल झिरपतं, सगळं दाखवलं. दुपार झाली तरी दोघांचे पाय बाहेर दिसत होते. असेलेफेचने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ती ताट घेऊन तिथेच आली.

मग हाब्तामुने मला सुरू केलं. झेरिहुनने टपावर हात ठेवला, मग उचलला आणि घरात गेला.

आज मी देब्रे बिरहानच्या थंडीत राहते. रंग उडालाय, धाप लागते, पण चाकं ठाकठीक आहेत. मित्रांनो, एखादी वस्तू उद्या तुमच्याकडे नसेल, उद्या तुम्हीही तिथे नसाल. म्हणून आजच तिच्यावरून लक्ष काढू नका. तुमचा निरोपाचा दिवस हा दुसऱ्या कुणाचा तरी प्रवासाचा दिवस असतो, आणि त्याने डोळे मिटून तुमच्यावर भरवसा ठेवलेला असतो.