वाढत्या मापाचं धनुष्य

आमच्या घरात कुठलीच वस्तू मापाची येत नाही, आणि त्याला जबाबदार माणूस एकच, माझा नवरा भीमराज. हे आमच्या गोरेगावापासून जिल्ह्याच्या हिंगोलीपर्यंत जीप चालवतात आणि येताना लेकीसाठी काहीबाही घेऊन येतात. आकांक्षाची चप्पल दोन नंबर मोठी, शाळेच्या ड्रेसच्या बाह्या कोपराच्या खाली, सायकल तर अशी की पहिलं वर्षभर पोरगी ती नुसती ढकलत हिंडली. मी तोंड उघडलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर असतं, लेकरू वाढतंय, पुढच्या वर्षी बसेल. पुढच्या वर्षी ती वस्तू बसायच्या आत फाटून जाते, ही गोष्ट वेगळी.

आकांक्षा आठवीत गेली आणि शाळेच्या मैदानावर तिच्या हातात बांबूचं धनुष्य आलं. जेवताना पाच मिनिटं एका जागी न बसणारी ही पोरगी बाण लावला की अशी शांत उभी राहायची की मला माझीच लेक अनोळखी वाटायची, आणि फार सुंदरही. खेळाचे शिक्षक रणजीत सर म्हणाले, हात चांगला आहे, जिल्ह्याच्या निवडीत उतरवू, पण आता तिचं स्वतःचं धनुष्य पाहिजे.

सरांनी आम्हा दोघांना बसवून नीट समजावलं. मधलं हँडल एकदाच घ्यायचं, वरखालची पाती नंतर बदलता येतात, म्हणून सुरुवातीला ओढायला हलकीच घ्या, वीस-बावीस पौंडांच्या जोराची. कार्बनच्या महाग बाणांच्या नादाला लागू नका, साधे फायबरचे पुष्कळ झाले. बाण मात्र दोन इंच लांब असू द्या, कारण पोरगी वाढती आहे. तिचा हात लांबला आणि बाण आखूड पडला, तर तो तिच्याच हातात घुसायचा. ह्यांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि त्यातलं एकच वाक्य गाठीला बांधलं: पोरगी वाढती आहे.

नांदेडच्या दुकानात हे एकटेच गेले. बाण सांगितले तसे बराबर आणले. पाती आणली बत्तीस पौंडांची. दुकानदाराने विचारलं होतं, किती वर्षांची मुलगी आहे, तर ह्यांनी बिनदिक्कत सांगितलं, सतरा-अठराची. एसटीत हाफ तिकिटासाठी लेकीचं वय कमी करणारा माणूस तिथे वाढवून आला. म्हणे, एकदाच घेऊ, बारावीपर्यंत बघायला नको.

धनुष्य जोडून तिच्या हातात दिलं तेव्हा आकांक्षाने बापाच्या गळ्यात उडी मारली. मग दोरी ओढली. ती हनुवटीपर्यंत यायला हवी, ती खांद्याच्या अलीकडेच थरथरायला लागली. ह्यांनी विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, छान आहे पप्पा.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जीप लावली की हे घरामागे बादली पालथी घालून बसायचे आणि चिंध्या भरलेल्या पोत्यावर लेकीने मारलेले बाण बघायचे. पोत्यावर कमी आणि मातीत जास्त. हे म्हणायचे, नवीन आहे, हात बसेल. पोरगी दात आवळून पुन्हा ओढायची. तिला तेल लावताना माझ्या हाताला उजवा खांदा दगडासारखा लागला तेव्हा मी काय ते समजले. तिने माझा हात धरून शपथ घातली, पप्पांना सांगायचं नाही. मी दोन दिवस गप्प राहिले, आणि ज्यांना माझं तोंड माहीत आहे त्यांना विचारा, दोन दिवस म्हणजे किती असतात.

निवडीला आठवडा राहिला आणि आकांक्षाने जाहीर केलं की तिला जायचं नाही, तिला आता तिरंदाजी आवडत नाही. हे मटकन खाली बसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग राग. बापाचं मन मोडू नये म्हणून पोरगी स्वतःचं सगळ्यात आवडतं काम सोडून द्यायला निघाली होती, आणि बाप आपला बसला होता, पोरगी आळशी काहून झाली म्हणत.

शपथ न सांगण्याची होती. मी सांगितलं काहीच नाही. मी तव्यावर भाकरी टाकली आणि ते धनुष्य ह्यांच्या हातात दिलं.

"ओढा," मी म्हणाले. "हनुवटीपर्यंत. आन् ही भाकर पलटेपर्यंत ढिलं करायचं न्हाई."

ह्यांनी हसत ओढलं. जीपच्या स्टिअरिंगवर कमावलेले हात आहेत, दोरी आली. मी भाकरीवर पाणी फिरवलं आणि मुद्दाम गॅस बारीक केला. आधी ह्यांचं हसू गेलं, मग कोपर हलायला लागला, मग मान. भाकरी पलटायच्या आत दोरीवरचा हात हळूहळू पुढे आला आणि हे धनुष्याकडे बघत राहिले. मग ते घेऊन आतल्या खोलीत आकांक्षाकडे गेले. मी दाराशी उभी राहिले. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला कळतं, पण तिथे मी ऐकलं.

"आकांक्षा, मलाच ओढून धरवत न्हाई हे. तू कसं ओढून राहिली?"

ती आधी म्हणाली, सवय झाली. मग रडायला लागली. "तुमी एवढ्या हौसेनं आणलं पप्पा."

"हौस माझी होती," हे म्हणाले. "खांदा तुझा हाय ना बाई."

मी परत आले तोवर भाकरी करपली होती. तीच ह्यांनी जेवताना मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी हे सरांपुढे जाऊन उभे राहिले. सरांनी कपाळाला हात लावला आणि मग मार्ग काढला. हिंगोलीत कोमल नावाची अकरावीतली दांडगी पोरगी होती, तिला जड पाती हवीच होती आणि तिची सुरुवातीची हलकी पाती घरात पडून होती. दोन्ही धनुष्यांचं हँडल एकाच तऱ्हेचं निघालं, अदलाबदल झाली. सरांनी चार दिवस मागे उभं राहून आकांक्षाचा नेम पुन्हा जागेवर आणला. दोरी अलगद हनुवटीला लागायला लागली आणि आमची ती शांत उभी राहणारी पोरगी परत आली.

निवडीच्या दिवशी हिंगोलीच्या मैदानावर हे नेहमीसारखे बघायला, मैदानाभोवतीच्या दोरीला खेटून उभे. पहिला बाण बाजूला गेला, दुसराही. आकांक्षाने धनुष्य खाली केलं आणि सगळ्यांच्या देखत आमच्याकडे वळली.

"पप्पा, तुमी इथं थांबू नका. तुमी बघून राहिले की माझा हात हलतो."

हे मागे गेले आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. मी बघायला गेले तर डोळे भरलेले. मला म्हणाले, "पद्मा, बोलली बघ. तोंडावर बोलली मला." रागावले म्हणावं तर चेहरा सगळा हसत होता. त्या माणसाची मला त्या वेळी इतकी माया आली की मी पदरानेच त्यांचे डोळे पुसले, चारचौघांत.

मी परत दोरीपाशी आले. पुढचे बाण मी एकटीने बघितले. काही मधल्या पिवळ्यात गेले, काही त्याबाहेरच्या लालमध्ये, एक साफ चुकला. शेवटी सरांनी निवड झालेल्यांची नावं घेतली, त्यात आकांक्षाचं चौथं होतं, शेवटचं.

मी हात पसरले. पण ती माझ्या बाजूने तशीच पुढे पळत गेली, जिथे तिचा बाप अजूनही पाठ करून उभा होता, कारण वळायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पप्पा," ती म्हणाली, "वळा आता."