फळीबाबाच्या मुंग्या

"आली! शक्ती आली!" फळीवर बसलेली बाई किंचाळली आणि हॉलभर हात जोडले गेले.

गादीवर रेललेले फळीबाबा मंद हसले. "माकडहाडापाशी गाठ असते, बाळांनो. माझ्या फळीवर अर्धा तास बसलं की ती सुटते, आणि शक्ती पायांत झिणझिणत उतरते!"

दाराशी उभ्या ताईच्या कपाळाला आठी पडली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदन विभागात वीस वर्षं टेबलं मांडलेली बाई ती. कंबरेचा तो भाग तिने शेकडो वेळा उघडा पाहिला होता. तिथे गाठबीठ काही नसते. घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. पाय, बैठक, लघवी, सगळं त्याच्याच हाती. पण बाबाला त्याचं काय! शरीरातलं ओ का ठो कळत नव्हतं आणि थाट मात्र सर्जनचा.

ती धाकट्या भावाला शोधत आली होती. महिनाभर कंबर धरून शिवणकाम करणारा तिचा शिंपी भाऊ शेवटच्या फळीवर पांढराफटक बसला होता.

"ताई, माझी गाठ सुटली गं! बैठकीला स्पर्शच कळत नाही."

"उठल्यावरही?"

"हो, कालपासून."

"लघवी?"

तो ओशाळला. "काल रात्रीपासून नाही. बाबा म्हणाले, शक्ती साठतेय."

ताईने त्याचा दंड धरला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"खबरदार!" बाबा गरजले. "अर्धी गाठ सुटलेला हलला तर जन्माचा पांगळा होईल!" चार भक्तांनी दार अडवलं.

ताई मघाशी किंचाळलेल्या बाईकडे वळली. "उभ्या राहा बघू. पाय झटका."

बाईने पाय झटकले. थोड्या वेळाने म्हणाली, "अगंबाई, गेली की शक्ती!"

"आलीच कधी होती? फळीच्या कडेने मांडीमागची नस दाबली, पायाला मुंग्या आल्या. संडासात पेपर वाचत बसलात तरी येतात. आणि हे स्वतः गादीवर का बसतात, ते विचारा की!"

"माझी साधना पूर्ण झालीय," बाबा पुटपुटले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. दारातला एक भक्त हळूच बाजूला झाला, मग दुसरा.

ताईने भावाला हॉस्पिटलात नेलं. त्याच्या मणक्यांमधली चकती सरकून तो नसांचा झुपकाच दाबला गेला होता. संध्याकाळी ऑपरेशन झालं. लघवी पुन्हा होऊ लागली. डावा पाय मात्र अजून मशीनच्या पॅडलवर नीट टेकत नाही.

गिऱ्हाईकं लंगडण्याचं कारण विचारतात. तो लाजत नाही, सरळ सांगतो, "एक दिवस मूर्खासारखा फळीवर घालवला. तुम्ही घालवू नका. कंबर दुखतेय, खाली बधिर झालंय, लघवी अडलीय, तर बाबा गाठू नका, तडक हॉस्पिटल गाठा."