तोरेल गावाच्या बाजूने

झेंडूचा हार पॉवर प्रेसच्या कपाळावरून सोडला, तर तो बरोबर उभ्या कामगाराच्या छातीइतका खाली येतो.

धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा तोरेल गावात बाजार भरलेला होता.

'कारण : ऑपरेटरचा निष्काळजीपणा.' खाली तीन सह्या आणि एक शिक्का.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट नसलं तरी शर्टाची गुंडी लावता येते. पहिले चार महिने येत नाही. मग येते.

मिनलचा मेसेज : 'आज शेवटचा भाग. बारा वाजता माझ्याकडे, पुनावळे. वोराकला सोडायचंय. नवनाथने भांडायचं नाही.'

गुरुवार. नवनाथच्या कंपनीला सुट्टी.

*

"भांडणार नाही म्हण, तरच कंट्रोलर देते," मिनल म्हणाली.

"न्हाई भांडत. पण सोडणार बी न्हाई," नवनाथ म्हणाला.

"झालं! सुरू झालं याचं!" सोफ्यावरून सनी ओरडला आणि त्याच्या शेजारी बसलेले ग्रुपमधले आणखी दोघे हसले.

अकराव्या मजल्यावरचा मिनलचा फ्लॅट, खिडकीबाहेर हायवे, आत पडदे ओढलेले. मिनल हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते, आज तिने रजा टाकलेली. सनी दापोडीचा, एसी दुरुस्त करतो. नवनाथ केज तालुक्यातून चाकणला आला त्याला अकरा वर्षं झाली. या सगळ्यांना एकत्र आणलं ते 'सातवा पूल' नावाच्या व्हिडिओ गेमने. अपघातानंतर बोटांच्या व्यायामासाठी म्हणून नवनाथने मेहुण्याचा जुना कंट्रोलर हातात घेतला आणि वर्षभरात तो ग्रुपमधला सगळ्यात तरबेज खेळाडू झाला. दोन बोटांचं काम तो अनामिकेने करायचा. नवीन माणसं आधी त्याच्या हाताकडे बघायची, मग पडद्याकडे, आणि मग हाताकडे बघायचं विसरून जायची. नवनाथला या ग्रुपमधली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची.

आता वोराकबद्दल. वोराक हा त्या गेममधला सेनापती. शत्रूचं सैन्य बुडवायला त्याने धरणाचे दरवाजे उघडले आणि खालचं तोरेल गाव पाण्याखाली गेलं. चारशे अकरा माणसं. तिसऱ्या भागापर्यंत ग्रुपवर त्याला सगळे शिव्या घालत होते. त्याला कसा मारायचा यावर सनीने तीन तीन मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकले होते. मग चौथा भाग आला. त्यात आठ वर्षांचा वोराक आजारी बहिणीला पाठीवर घेऊन बर्फातून चालतो आणि पोचेपर्यंत ती पाठीवरच जाते. सहा मिनिटांचा प्रसंग. मागे सारंगीसारखं काहीतरी वाजतं.

दुसऱ्या दिवशी सनीच्या स्टेटसला वोराकचा फोटो होता. खाली लिहिलेलं : 'दर्द समझो भावांनो.'

"भावा, त्याची बहीण मेली रे," सनी आताही तेच म्हणाला. "आठ वर्षांचा होता."

"तोरेलमधी बी आठ वर्षांची लेकरं असतीलच की."

"असतील. पण दाखवलीत कुठे?"

"तेच म्हणायलोय मी. दाखवली न्हाईत. दाखवली असती तर तू त्यांचा फोटो लावला असतास."

सनीने चिवड्यात हात घातला. त्याची बाजू मिनलने घेतली. "हे बघ नवनाथ, माफ केलं म्हणजे त्याने केलं ते बरोबर, असं होत नाही. आणि हा गेम आहे. निदान इथे तरी माणसाला दुसरी संधी मिळू दे ना. आमच्या ऑफिसात एक चूक झाली तर वर्षभर तोंडावर मारतात."

"पण संधी आपण कोण देणार? आपलं काय बुडालंय?"

"अरे, तू एवढा कडक का आहेस?" सनी म्हणाला. "तुला जज करायला पाहिजे होतं, राव. उगाच स्टोअरच्या खिडकीत हातमोजे वाटत बसलायस."

सगळे हसले. नवनाथही हसला. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "चूक केली की भोगायची. मी न्हाई का भोगत?"

मिनलने टीव्हीचा आवाज वाढवला.

*

भोगणं म्हणजे नेमकं काय, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. हात आत असला की किरण तुटतो आणि वरचा दट्ट्या खाली येत नाही. पडदा आहे म्हणून कामगार निर्धास्त. तीन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, नवनाथचा पार्ट साच्यात अडकला, त्याने हात घातला आणि दट्ट्या आला. पुढचं त्याला आठवत नाही. मागचंही धड आठवत नाही. चौकशी झाली तेव्हा पडदा व्यवस्थित चालू होता. मग हात आत गेला कुठून? बाजूची जाळी काढून तिकडून घातला असणार, असं ठरलं. म्हणजे निष्काळजीपणा.

नोकरी राहिली. सुपरवायझर हिंदुराव साहेबांनी शब्द टाकला आणि नवनाथ स्टोअरला गेला. पण दर महिन्याला नव्या पोरांचं सेफ्टी ट्रेनिंग व्हायचं. त्यात सातव्या स्लाइडवर नवनाथच्या हाताचा फोटो होता. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. पण ट्रेनिंग संपवून पोरं थेट स्टोअरच्या खिडकीशी हातमोजे घ्यायला यायची. हातमोजे द्यायला जो हात बाहेर यायचा, तो त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच पाहिलेला असायचा.

आपण जाळी काढली होती का? नवनाथने हे स्वतःला इतक्या वेळा विचारलं, की शेवटी त्याला जाळी काढताना स्वतःचे हात दिसायला लागले. पाना कोणता होता, तेसुद्धा दिसायला लागलं.

*

पडद्यावर वोराक गुडघ्यांवर बसला होता. हातात बेड्या, डोळ्यांत पाणी. खाली दोन चौकोन उमटले.

बेड्या सोड.

वळून निघून जा.

"सोड, सोड, सोड," सनी टाळ्यांच्या तालावर म्हणू लागला, आणि तेवढ्यात नवनाथचा फोन वाजला. करिष्माचा, म्हणजे बायकोचा.

"अहो, हिंदुराव साहेब आलेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. बसून राहिलेत."

"काल रिटायर झाले ना ते. पेढे घेऊन आले असतील. थांबव त्यांना, आलोच."

त्याने कंट्रोलर मिनलच्या हातात दिला. "दाबू नको काही. येतो."

"अरे, घरी चऱ्होलीला जाऊन परत येणार तू? दीड तास?"

"साहेब आलेत घरी," नवनाथ म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं.

पुरेसं होतंच. हा माणूस दवाखान्यात रोज डबा घेऊन आला होता. सही डाव्या हाताने करायला त्यानेच शिकवलं. दर दसऱ्याला नवनाथ त्याला सोनं देऊन पाया पडायचा. स्पाइन रोडला सिग्नलवर थांबून त्याने पाव किलो बर्फीही घेतली. साहेब पेढे आणणार, आपण रिकाम्या हाताने कसं जायचं.

*

पेढे नव्हते. हिंदुराव खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि पाण्याचा पेला भरलेला तसाच.

"बस," तो म्हणाला. नवनाथ पाया पडायला वाकला तसा त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "आदी ऐक. मंग काय करायचं ते कर."

करिष्मा चहा गॅसवर ठेवून आली. "वहिनी गेल्यापासून किती खंगलात हो साहेब. एकट्याचं जेवण तरी नीट…"

"त्याचा ह्याच्याशी काई संबंध न्हाई, पोरी," हिंदुराव म्हणाला. "बस तू बी. तुला बी ऐकायचं हाय."

तो चाकणच्याच बाजूचा, जुना गाववाला. बोलायला लागला की थांबत नसे. आज मात्र एकेक वाक्य खिळा ठोकावा तसं ठोकत होता.

"खंडेनवमीला मशिनला हार घातला. हार किरणात लोंबत होता. प्रेस चालंना. हार वाळल्याबिगर काढायचा न्हाई, ही आपली रीत. म्या किल्ली फिरवली, पडदा बंद केला. किल्ली माज्याकडंच असायची. दसरा झाला, तरी परत फिरवली न्हाई. इसरलो. तुला सांगितलं बी न्हाई."

नवनाथने हातातला बर्फीचा पुडा टेबलावर ठेवला.

"तुला गाडीत घालून नेलं. मंग म्या हार तोडला, किल्ली फिरवली, पडदा चालू केला. चौकशीवाले नंतर आले. जाळी बी म्याच ढिली करून ठेवली."

किचनमध्ये चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

"जाळी," नवनाथ म्हणाला. "जाळी मी न्हवती काढली?"

"न्हाई."

"मला तर पाना बी आठवतो."

"कंचा पाना? तू हातच लावला न्हाई जाळीला. तू समोरनं हात घातला, रोज घालतोस तसा. तुजं काई चुकलं न्हवतं."

नवनाथ उठला. गॅलरीत गेला, परत आला. पुन्हा बसला. छातीवर कुणीतरी तीन वर्षं गुडघा टेकवून बसलं होतं, आणि ते उठून गेलं, असं काहीसं झालं. राग येईल म्हणून तो वाट बघत होता. राग आलाही. पण त्याच्या आधी जे आलं ते इतकं हलकं होतं, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. समोरच्या माणसाने आपला हात घालवला, वर खोटं केलं, आणि आपल्याला मोकळं वाटतंय?

"आज कामून?" त्याने विचारलं. "दवाखान्यात डबे आणलेत, तवा कामून न्हाई बोललात?"

आता येणार, असं त्याला वाटलं. बायकोचं आजारपण, मुलीचं लग्न, रात्र रात्र झोप नाही. सहा मिनिटांचा प्रसंग, मागे सारंगी.

"काल रिटायर झालो," हिंदुराव म्हणाला. "आता मला कोन काढू शकत न्हाई. एवढंच. चांगलं कारण न्हाई ते." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "सगळं लिवलंय. सही हाय. युनियनला दे, फॅक्टरी इन्स्पेक्टरला दे. बोलावलं तर म्या येईन."

"माफी मागायला आलाव?"

"मागितली तर तू देशील. तुजा सभाव म्हाईत हाय मला. म्हनून न्हाई मागत."

करिष्मा तोंडाला पदर लावून रडत होती. तिच्या डोळ्यांत जाळ होता. तो बघून हिंदुराव उठला आणि चप्पल शोधायला लागला.

"थांबा," नवनाथ म्हणाला. "चहा घ्या."

"अहो!" करिष्मा म्हणाली.

"माफ न्हाई केलं तुमाला. कवा करीन, करीन का न्हाई, ते बी सांगत न्हाई. पण चहा घ्या. आपल्या घरून कोणी तसंच जात न्हाई."

करिष्माने चहा केला. कप हिंदुरावच्या पुढ्यात असा ठेवला की अर्धा बशीत सांडला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून उभ्यानेच प्यायला, बशीतलासुद्धा. मग दाराशी गेला. आज कुणी त्याच्या पाया पडलं नाही, आणि त्यासाठी नेहमीसारखा तोही क्षणभर थांबला नाही.

लिफ्टचं दार बंद झालं.

"मी न्हवतो गं," नवनाथ म्हणाला.

"मी कधी म्हणाले का, तुम्ही होता म्हणून?"

"तू न्हाई. मीच म्हणायलो होतो."

मग तो हसायला लागला. करिष्माला आधी भीती वाटली, मग तीही रडता रडता हसली. बर्फी टेबलावर तशीच होती. दोघांनी ती पेपरवरूनच खाल्ली, जेवण बाजूला ठेवून.

*

पावणेचारला मिनलचा फोन आला. मागे सनीचा आवाज होता.

"अरे, आम्ही किती वेळ थांबायचं? मतं घेतली. सगळे म्हणतात सोडा. सोडू?"

"एक सांग. त्याला बोलायला लावायचं बटण हाय का कुठं? म्हणजे, दरवाजे मी उघडले, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं?"

मिनलने बघितलं. कंट्रोलरची बटणं दाबल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. "नाही रे. तो फक्त रडतो."

"मग गेम अर्धाच बनवलाय त्यांनी."

"तू येतोयस की नाही?"

"न्हाई. युनियनच्या ऑफिसात चाललोय. सोडा तुमाला सोडायचा तर. मी भांडत न्हाई."

"खरंच?" मिनलला पटेना. "तू? भांडत नाहीस?"

"न्हाई. फक्त ग्रुपवर लिहून ठेव. तोरेलच्या लोकांनी सोडलेला न्हाई."

तिने लिहिलं. सनीने त्याखाली अंगठ्याचा इमोजी टाकला. मग थोड्या वेळाने त्याचा आणखी एक मेसेज आला : 'भावा, पण तोरेलमध्ये वाचलं होतं का कुणी?'

नवनाथने तो जिन्यात वाचला. कागद शर्टाच्या खिशात होता. खिशाची गुंडी लावून झाल्यावर त्याने उत्तर टाकलं, 'व्हय. एक.' आणि खाली येऊन गाडीला किक मारली.

अपघाताच्या त्या शिफ्टमध्ये नवनाथने सहाशे बारा पार्ट काढले होते, आणि त्यातला एकही रिजेक्ट झाला नव्हता.